व्हिसा जुन्या पासपोर्टात राहिला? राहू दे, आधी आय-९४ काढून बघा

"नवा पासपोर्ट आला पण व्हिसा जुन्यात राहिलाय, तो नव्यात ट्रान्सफर कसा करायचा?" हा प्रश्न मला वर्षातून आठ-दहा वेळा तरी येतो. मे-जूनमध्ये जास्त, कारण तेव्हा इथे अमेरिकेत शाळा सुटतात, सगळ्यांची भारताची तिकिटं निघतात आणि मग कोणीतरी कपाटातून पासपोर्ट काढून पहिल्यांदाच तारीख बघतं. उत्तर एका ओळीचं आहे: अमेरिकेचा व्हिसा ट्रान्सफर होत नाही, करायची गरजही नसते, दोन्ही पासपोर्ट बरोबर घेऊन फिरायचं. पण एवढं वाचून उठू नका, कारण घोळ व्हिसात होतच नाही, घोळ होतो आय-९४ मध्ये, म्हणजे अमेरिकेत कधीपर्यंत राहता येईल त्या तारखेच्या नोंदीत, आणि तो कागद कोणी उघडून बघत नाही. मीही बघितला नव्हता, त्याचं काय झालं ते खाली सांगते.

हे सगळं भारतीय पासपोर्टवर अमेरिकेत एच-१बी (नोकरीचा व्हिसा), एच-४ (एच-१बीवाल्यांच्या नवरा-बायको-मुलांचा), एल-१ (कंपनी बदली करून आणते तो) वगैरेवर राहणाऱ्यांसाठी आहे, आणि बी-१/बी-२ या भेटीच्या व्हिसावर येणाऱ्या आईबाबा, सासूसासऱ्यांसाठी. मी वकील नाही, पासपोर्ट घरातले पाच जणांचे सांभाळते एवढाच काय तो अनुभव. तुमची केस तिरपागडी असेल तर कंपनीच्या वकिलाला विचारा, त्याचे पैसे कंपनी देते.

आधी व्हिसाचं संपवून टाकू. पासपोर्ट संपला म्हणून त्यातला व्हिसा संपत नाही. व्हिसावर जी एक्स्पायरी तारीख छापलीय तोपर्यंत तो चालतो, भले तो ज्या पुस्तकात चिकटवलाय ते पुस्तक रद्द झालेलं असो. अटी चारच: व्हिसा फाटलेला-खराब झालेला नको, तो कोणी रद्द केलेला नको, तुम्ही ज्या कामासाठी चाललाय त्याच कॅटेगरीचा हवा, आणि दोन्ही पासपोर्ट एकाच देशाचे आणि एकाच प्रकारचे हवेत. प्रकार म्हणजे काय तर आपला नेहमीचा निळा पासपोर्ट आणि सरकारी कामावर जाणाऱ्यांचा पांढरा, हे वेगळे प्रकार झाले. पांढऱ्यातला व्हिसा निळ्याबरोबर दाखवून चालणार नाही. आणि व्हिसावर जुना पासपोर्ट नंबर छापलेला असतो म्हणून बरेच जण घाबरतात, तर तो तसाच असणार, त्याला काही होत नाही. आपल्या नव्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आईवडिलांच्या नावाखाली जुन्या पासपोर्टचा नंबर, तारीख आणि ठिकाण छापून येतं ना, तीच तुमची साखळी. नवा हातात आला की पहिल्यांदा ते पान बघा, नंबर बरोबर छापलाय का, एक अंक चुकला असेल तर लगेच दुरुस्तीला लावा, नंतर दोन वर्षांनी कोणी ऐकून घेत नाही.

एक गोष्ट मात्र अजिबात करायची नाही, व्हिसा सोडवून नव्यात चिकटवायचा नाही. हसू नका, आमच्या ओळखीतल्या एकाने खरंच केटलच्या वाफेवर पान धरलं होतं, पोस्टाची तिकिटं सोडवायची लहानपणची सवय. व्हिसा असा काढला की तो त्या क्षणी रद्द, नव्यात कितीही सरळ चिकटवा. त्याचं नशीब, कोपरा उचकटल्यावर बायकोने बघितलं. पण कोपरा उचकटलेला व्हिसाही विमानतळावर प्रश्न विचारायला लावतोच, शेवटी त्याने नवीन व्हिसा काढला.

मग हा "ट्रान्सफर" शब्द आला कुठून? माझा अंदाज असा की तो आखातातून आला. माझे एक काका दुबईला होते, तिथे पूर्वी रेसिडेन्स व्हिसाचा स्टिकर पासपोर्टमध्ये असायचा आणि पासपोर्ट नवा झाला की तो रीतसर नव्यात ट्रान्सफर करून घ्यावा लागायचा, फॉर्म, फी, सगळं. आता तिकडेही २०२२ पासून तो स्टिकर बंद झाला, एमिरेट्स आयडी या तिथल्या ओळखपत्रावरच काम होतं. पण घरात कानावर पडलेलं डोक्यात राहतं. इंग्लंडमध्ये तर अजून वेगळीच गंमत, तिथे कायम राहायच्या परवानगीचा जुना शिक्का कित्येकांच्या जुन्या पासपोर्टात अजून आहे आणि तो खरोखरच पुढे न्यायचा अर्ज असतो, नो टाइम लिमिट नावाचा. मात्र आता त्यातूनही नवा शिक्का मिळत नाही, ई-व्हिसा मिळतो, आणि नवा पासपोर्ट आला की तो आपल्या यूकेव्हीआय (तिथलं व्हिसा खातं) अकाउंटला आपणच जोडायचा. तिकडच्या मैत्रिणीने ते जोडलंच नव्हतं. अमेरिकेत असलं काही नाही. इथे बसून नवीन स्टॅम्प, म्हणजे पासपोर्टातला व्हिसा, मारून घ्यायची सोय कामाच्या व्हिसांना २००४ पर्यंत होती, पासपोर्ट पोस्टाने सेंट लुईसला पाठवायचा आणि व्हिसा लागून परत यायचा, जुनी मंडळी अजून त्या आठवणी काढतात. ते बंद झालं ते झालं. मध्ये २०२४ च्या जानेवारी-फेब्रुवारीत २० हजार अर्जांपुरता एच-१बीसाठी प्रयोग केला होता, त्यानंतर आम्ही सगळे वाटच बघतोय. आणि २ सप्टेंबर २०२५ पासून ड्रॉपबॉक्सही, म्हणजे मुलाखतीशिवाय व्हिसा नवा करायची सोय, बहुतेक सगळ्यांना बंद झालाय, म्हणजे स्टॅम्प संपला की मुलाखतीला मुंबईत बीकेसीला उभं राहणं आलं. त्यामुळे स्टॅम्पला लोक एवढं जपतात हे मला पूर्ण समजतं. फक्त जपताना भलतीकडे बघतात.

आता आय-९४.

अमेरिकेत किती दिवस राहायचं हे व्हिसा ठरवत नाही. व्हिसा म्हणजे दारापर्यंत यायची परवानगी. आत आल्यावर इमिग्रेशनचा माणूस जी तारीख सिस्टीममध्ये टाकतो ती तुमची खरी मुदत, ती आय-९४ वर असते. २०१३ च्या आधी तो पांढरा छोटा कागद पासपोर्टला स्टेपल करून द्यायचे, त्यामुळे निदान नजरेला पडायचा. २०१३ पासून विमानाने येणाऱ्यांचा ऑनलाइन झाला आणि लोकांनी बघणंच सोडलं. तर होतं काय, तुमचं आय-७९७, म्हणजे एच-१बीचं अप्रूव्हल, समजा अजून दोन वर्षांचं आहे, पण पासपोर्ट आठ महिन्यांनी संपतोय, तर तो अधिकारी आय-९४ बऱ्याचदा पासपोर्ट संपायच्या तारखेपर्यंतच देतो. तोंडाने सांगेलच असं नाही. तुम्ही बॅग घ्यायला पळता, मुलाला शू लागलेली असते, घरी येऊन झोपता. नंतर पासपोर्ट रिन्यू करता आणि वाटतं चला झालं सगळं. नाही झालं. पासपोर्ट रिन्यू केला म्हणून आय-९४ ची तारीख आपोआप पुढे सरकत नाही. ती तिथेच, जुन्या पासपोर्टच्या शेवटच्या दिवशी उभी असते.

माझं हेच झालं. डिसेंबरात भारतातून परत आलो, पासपोर्ट ऑगस्टमध्ये संपणार होता, अप्रूव्हल त्यानंतरही दीड वर्षाचं. एप्रिलमध्ये मी शहाण्यासारखा पासपोर्ट वेळेत रिन्यू केला, मैत्रिणींना सल्ले पण दिले. जूनमध्ये ड्रायव्हिंग लायसन्स रिन्यू करायला गेले, कारण बऱ्याच राज्यांत लायसन्सची मुदत तुमच्या स्टेटसच्या कागदाला बांधलेली असते, तर काउंटरवरची बाई स्क्रीनकडे बघून म्हणाली तुम्हाला ऑगस्टपर्यंतचंच लायसन्स मिळेल. मी तिच्याशी वाद घातला, आय-७९७ नाचवलं. ती शांतपणे म्हणाली आय-९४ बघा. गाडीत बसून फोनवर काढला आणि पोटात गोळा आला. म्हणजे त्या बाईशी गाठ पडली नसती तर मी ऑगस्टनंतर खुशाल ऑफिसला जात राहिले असते, नवा कोरा पासपोर्ट पर्समध्ये घेऊन.

आणि याचा परिणाम काय तर तारखेच्या पुढे राहिलात की नियमाप्रमाणे तुमचा तो व्हिसाच आपोआप रद्द समजला जातो. ज्या स्टॅम्पसाठी जीव टाकताय तोच जातो. १८० दिवसांच्या वर बेकायदा राहणं भरलं आणि मग देशाबाहेर पडलात तर ३ वर्षं परत यायला बंदी, वर्षभर भरलं तर १० वर्षं. हे घाबरवायला नाही सांगत, पण नवा पासपोर्ट आला म्हणून पेढे वाटायच्या आधी दोन मिनिटं काढा.

बघायचं कसं तर सीबीपीच्या (अमेरिकेचं सीमा आणि कस्टम्स खातं) आय-९४ च्या साइटवर किंवा त्यांच्या अ‍ॅपवर, फुकट आहे, पैसे मागणारी साइट असेल तर ती खोटी. इथे आपल्या लोकांना दोन अडचणी हमखास येतात. पहिली, नवा पासपोर्ट नंबर टाकतात आणि रेकॉर्ड सापडत नाही असं येतं, की लगेच फोन, अगं माझं रेकॉर्डच उडालं! उडालेलं नसतं, शेवटची एंट्री जुन्या पासपोर्टवर झालीय ना, मग जुना नंबर टाका. दुसरी अडचण खास आपली मराठी आहे: आपल्या पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं अशी दोन नावं असतात. साइटवर फक्त स्वतःचं नाव टाकलं तर सापडत नाही, पासपोर्टवर त्या रकान्यात जे जसं आहे ते सगळं टाकायचं. सापडलं की पीडीएफ करून ठेवा, प्रत्येक वेळी परत आल्यावर त्याच आठवड्यात.

अजून एक गैरसमज. इथेच राहून एक्स्टेन्शन झालेलं असेल तर आय-७९७ च्या खालच्या भागात एक आय-९४ छापलेला येतो आणि लोक तो फायलीत लावून निश्चिंत होतात. तोपर्यंत ठीक. पण त्यानंतर तुम्ही बाहेर जाऊन परत आलात की विमानतळावर मिळालेला नवा आय-९४ हाच शेवटचा आणि तोच लागू, फायलीतला नाही. जास्त तारीख कुठली ते बघायचं नाही, ताजी नोंद कुठली ते बघायचं.

बरं, तारीख कापलेली सापडली, पुढे काय? अजून मुदत शिल्लक असेल तर घाबरायचं कारण नाही, रस्ते आहेत.

एक, देशाबाहेर जाऊन नवा पासपोर्ट आणि जुन्यातला स्टॅम्प दाखवून परत आत या. नवीन एंट्री, नवीन आय-९४, आणि पासपोर्ट आता दहा वर्षांचा असल्यामुळे तारीख अप्रूव्हलप्रमाणे पूर्ण मिळते. मी हेच केलं, जुलैत भावाच्या मुलाची मुंज होती, जायचं की नाही ते चाललेलंच होतं, तिकिटाने खिसा फाडला पण काम झालं. परत येताना अधिकाऱ्याने दोन्ही पासपोर्ट घेतले, जुन्यातला व्हिसा बघितला, शिक्का नव्यात मारला आणि त्याच्या शेजारी पेनने व्ही-आय-ओ-पी-पी असं लिहिलं, म्हणजे व्हिसा दुसऱ्या पासपोर्टात आहे. आता बऱ्याच ठिकाणी शिक्काच मारत नाहीत, तर नोंद फक्त सिस्टीममध्ये होते, मग तर आय-९४ बघणं आणखीच आलं. काही जण भारताऐवजी कॅनडाची चक्कर करतात, ते चालतं, पण आपल्याला कॅनडाचा व्हिसा लागतो आणि रस्त्याने परत येताना नवा आय-९४ आपण होऊन मागावा लागतो, नाहीतर जुन्याच आय-९४ वर आत सोडून देतात आणि नायगाराचे फोटो सोडून हाती काही लागत नाही. आणि हे सगळं स्टॅम्प चालू असेल तरच. स्टॅम्प संपलेला असेल तर बाहेर पडणं म्हणजे भारतात मुलाखत, ते गणित वेगळं.

दोन, बाहेर न जाता कंपनीकडून एक्स्टेन्शन फाइल करून घ्या, नव्या पासपोर्टची कॉपी लावून. एच-१बीचा फॉर्म आय-१२९, एच-४ वाल्यांचा आय-५३९. हे तारीख संपायच्या आत दाखल व्हायला हवं, म्हणून वेळेत कळणं महत्त्वाचं. कंपनी कधी कधी कुरकुर करते की अप्रूव्हल तर आहे मग परत कशाला, तेव्हा आय-९४ ची पीडीएफ वकिलाला थेट पाठवा, त्याला दोन ओळींत कळतं.

तीन, विमानतळाच्या डिफर्ड इन्स्पेक्शन ऑफिसची गोष्ट सगळे सांगतात, की तिथे जाऊन तारीख वाढवून मिळते. तर ते ऑफिस चुका दुरुस्त करायला आहे. तुम्हाला चुकून एच-४ ऐवजी बी-२ टाकलं, किंवा पासपोर्ट भरपूर शिल्लक असून तारीख कमी टाकली, तर जरूर जा. पासपोर्ट संपत होता म्हणून कमी दिली ही त्यांच्या दृष्टीने चूकच नाही, त्यामुळे हो म्हणायचं की नाही हे समोरच्या माणसावर. विचारायला हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर महिना घालवू नका.

तारीख उलटूनच गेली असेल तर मात्र इथे वाचत बसू नका, आजच इमिग्रेशन वकिलाला फोन करा. स्वतःहून विमानात बसून "जाऊन येतो" करू नका, देश सोडल्यावरच ती ३ आणि १० वर्षांची भानगड लागू होते.

मुलांचं विसरू नका, हे मी मोठ्याने सांगतेय. पंधराच्या आतल्या मुलांचा भारतीय पासपोर्ट पाचच वर्षांचा मिळतो. म्हणजे आईबाबांचे नीट असतात आणि पोराचा मध्येच संपतो, तर एकाच विमानातून एकाच वेळी आलेल्या कुटुंबात चौघांचे आय-९४ वेगवेगळ्या तारखांचे असू शकतात. सगळ्यांचे वेगवेगळे काढून बघा, "माझा ठीक आहे म्हणजे त्याचाही असेल" असं नसतं. आणि मुलाच्या रिन्यूअलला दोन्ही पालकांच्या सहीचं संमतीपत्र, म्हणजे अ‍ॅनेक्शर डी लागतं, नवरा ऑफिसच्या टूरवर असेल तर त्याची सही आधी घेऊन ठेवा.

पासपोर्ट रिन्यू करताना काय सांभाळायचं ते थोडक्यात, कारण ते सगळ्यांना साधारण माहीत असतं. अमेरिकेत पासपोर्ट सेवा पोर्टलवर फॉर्म भरायचा, मग २०२० च्या नोव्हेंबरपासून हे काम व्हीएफएस या अर्ज घेणाऱ्या खाजगी कंपनीकडे आहे, तुमचं राज्य ज्या कॉन्सुलेटच्या हद्दीत येतं तिथे अर्ज. मूळ जुना पासपोर्ट द्यावा लागतो, म्हणजे व्हिसासकट, म्हणजे तेवढे दिवस तुम्ही कुठे जाऊ शकत नाही हे धरूनच चला. पाठवायच्या आधी सगळ्या पानांचे स्कॅन काढा, कोऱ्या पानांचे पण, व्हिसाच्या पानाचा मोठा रंगीत. चालू व्हिसा आहे हे अर्जाबरोबर एका कागदावर ठळक लिहून द्या, पान नंबरासकट. जुना पासपोर्ट रद्दचा शिक्का मारून, कोपरा कापून परत येतो, त्याला बघून आमचे सासरे हळहळले होते, बिचाऱ्याचा कान कापला म्हणे. कान कापला तरी चालतो, व्हिसाच्या पानाला कात्री किंवा शिक्का लागलेला नाही एवढं पाकीट उघडल्या उघडल्या तपासा. फिरणं जास्त असेल तर ३६ ऐवजी ६० पानांचा मागा. आणि मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून रिन्यू करता येतो, ही एकच गोष्ट लक्षात ठेवलीत तर वरचं सगळं रामायण टळतं: भारतात जायच्या आधी पासपोर्टला वर्षापेक्षा कमी राहिलं असेल तर आधी रिन्यू, मग तिकीट.

आता आईबाबांकडे वळू, कारण त्यांचा दहा वर्षांचा बी-१/बी-२ व्हिसा असतो आणि पासपोर्ट मध्येच संपतो, हे घरोघरी आहे. त्यांना आय-९४ चा एवढा त्रास नाही, त्यांची गाडी अडते ती मुंबईला चेक-इनच्या काउंटरवर. तिथली मुलगी नवा पासपोर्ट शेवटपर्यंत उलटते आणि म्हणते व्हिसा कुठाय. बाबा गडबडतात, पर्समध्ये शोधतात, मागे लाइन. एका एअरलाइनच्या काउंटरवर आमच्या सासऱ्यांना चक्क सांगितलं की रद्द झालेल्या पासपोर्टातला व्हिसा चालत नाही. ते रिटायर्ड हेडमास्तर, त्यांनी शांतपणे सांगितलं की तुमच्या टिमॅटिकमध्ये बघा. टिमॅटिक म्हणजे एअरलाइनवाले ज्या सिस्टीममध्ये देशोदेशीचे नियम बघतात ती, मी त्यांना आदल्या दिवशी फोनवर पाठ करून घेतलं होतं. तो शब्द ऐकल्यावर मुलीने सुपरवायझरला बोलावलं आणि पाच मिनिटांत बोर्डिंग पास आले. तर तो शब्द आईबाबांना लिहून द्या. आणि दोन्ही पासपोर्ट एकत्र, रबर बँड लावून, व्हिसाच्या पानात कागदाची खूण घालून, मागायच्या आधीच द्यायचे. स्टेपल नको, पंच नको, सेलोटेप तर नकोच.

ऑनलाइन चेक-इनला कुठला नंबर कुठे टाकायचा हाही नेहमीचा गोंधळ. पासपोर्टच्या रकान्यात नवा नंबर. व्हिसाच्या रकान्यात व्हिसावर खाली उजवीकडे जो लाल रंगात छापलेला नंबर आहे तो, वर उजवीकडचा लांबलचक कंट्रोल नंबर नाही. वरचा टाकला की फॉर्म एरर देतो आणि लोक म्हणतात बघा, जुना व्हिसा घेतच नाहीये.

नावाचं प्रकरण. आपल्याकडे लग्न झालं की मुलीचं नुसतं आडनाव बदलत नाही, मधलं वडिलांचं जाऊन तिथे नवऱ्याचं येतं, आणि जुन्या पिढीत तर पहिलं नावही बदलायचे. म्हणजे नव्या पासपोर्टवरची बाई आणि जुन्यातल्या व्हिसावरची बाई यांच्यात एकही शब्द सारखा नसू शकतो. नुसता पासपोर्ट नवा झाला तर काही नाही, पण नाव बदललं असेल तर अमेरिकन सरकारच सुचवतं की नवीन नावाने नवीन व्हिसा काढलेला बरा. तोपर्यंत प्रवास करायचाच असेल तर मॅरेज सर्टिफिकेट, मराठीतलं असेल तर त्याचं इंग्रजी भाषांतर, दोन्ही पासपोर्टच्या जोडीला ठेवा आणि तिकीट नव्या पासपोर्टवरच्या नावाने काढा. मला विचाराल तर स्टॅम्प चालू असेपर्यंत पासपोर्टात नाव बदलायची घाई करू नका, सासरच्यांना सांगा अमेरिकेचा नियम आहे.

ग्रीन कार्डवाल्यांना या सगळ्यातलं काही नाही, त्यांचं कार्डच पुरतं. फक्त कार्ड यायच्या आधी पासपोर्टात आय-५५१ चा, म्हणजे ग्रीन कार्डाच्या बदली चालणारा, तात्पुरता शिक्का मिळाला असेल आणि तेवढ्यात पासपोर्ट बदलला तर दोन्ही बरोबर ठेवा. ओसीआयवाल्यांचा प्रश्न उलट्या दिशेचा (ओसीआय म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारतात यायला-राहायला मिळणारं कार्ड). अमेरिकन पासपोर्ट नवा झाला, ओसीआयवर जुना नंबर आहे, चालेल का? चालतं, २०२१ पासून जुना पासपोर्ट बरोबर ठेवायची सक्तीही काढलीय. विशीच्या आत ओसीआय मिळालेला असेल तर वयाची वीस वर्षं पूर्ण झाल्यावर पहिला पासपोर्ट निघाला की एकदा ओसीआय नवीन करायचा. बाकी विशीच्या आत प्रत्येक नव्या पासपोर्टला आणि पन्नाशीनंतर एकदा, नव्या पासपोर्टची कॉपी आणि फोटो ऑनलाइन चढवायचा, तीन महिन्यांच्या आत, फी नाही.

आणि जुने पासपोर्ट टाकायचे नाहीत, व्हिसा संपला तरी. पुढे सिटिझनशिपच्या अर्जात पाच वर्षांतल्या सगळ्या परदेशवाऱ्या तारखांसकट विचारतात, तेव्हा जुने शिक्केच कामी येतात. पण जपून ठेवायचे म्हणजे कुठे, हेही बघा. सासूबाईंनी नवा पासपोर्ट आल्यावर जुना "महत्त्वाचा कागद" म्हणून सांगलीला बँकेच्या लॉकरमध्ये ठेवला होता, व्हिसासकट, आणि मुंबईला निघायच्या आदल्या दिवशी रविवार होता. तिकीट तीन दिवस पुढे ढकललं, फरकाचे पैसे मी भरले, कारण लॉकरमध्ये ठेवा असं मीच सांगितलं होतं.

हे लिहिता लिहिता उठून मुलाचा पासपोर्ट बघून आले. अकरा महिने राहिलेत, डिसेंबरची तिकिटं काढलेली आहेत. उद्या शाळेतून आला की फोटोला नेते, पाठीमागे पांढरं, आणि हसायचं नाही हे त्याला समजावणं हेच मोठं काम आहे.